रिपोर्ट ‘निल’ आला म्हणून गोळी बंद करू नका

‘एका मोठ्या कॅन्सर संशोधकाची कबुली’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतो आहे. संशोधकाचं नाव नाही, संस्थेचं नाव नाही, तो कुठे आणि कधी बोलला याचा पत्ता नाही. ल्युकेमियाच्या म्हणजे ब्लड कॅन्सरच्या बायोमार्करवर (आजार ओळखायच्या खुणांवर) आयुष्य घालवलेल्या या निनावी माणसाच्या तोंडी सहा दावे घातले आहेत. ब्लड कॅन्सर मायक्रोस्कोपखाली दिसतोच, जीन टेस्ट हा निव्वळ धंदा. तो ‘कॅन्सरचा जीन’ धडधाकट माणसांतही सापडतो, म्हणजे त्याला काही अर्थ नाही. रिपोर्ट शून्य आला की कॅन्सर संपला, पुढच्या गोळ्या फक्त कंपन्यांच्या फायद्यासाठी. हा जीन मुलाबाळांत उतरतो, सगळ्या घराची तपासणी करा. सोमल, म्हणजे आर्सेनिक, हे ब्लड कॅन्सरचं खरं औषध, ते दडपून ठेवलं गेलं. आणि लवकरच रक्ताच्या एका थेंबावरून सगळे कॅन्सर कित्येक वर्षं आधी कळणार आहेत.

माझ्या मावशीला सीएमएल आहे, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, हळूहळू वाढणारा रक्ताचा कॅन्सर. बरीच वर्षं ती रोज इमॅटिनिबची गोळी घेते आणि तिची तब्येत उत्तम आहे. तिने हा मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘माझा रिपोर्ट दोनदा निल आलाय. मग बंद करू का गं?’

ज्या चाचणीबद्दल ती विचारते आहे, तीच बीसीआर-एबीएल (या आजाराचं बिघडलेलं जनुक मोजणारी) चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करते. मावशीने निदान विचारलं तरी. कुणालाही न विचारता गोळी सोडून देणारे किती असतील, या विचाराने माझा संताप होतो. तिसऱ्या दाव्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण तो खरा मानला तर माणूस दगावू शकतो.

‘मायक्रोस्कोपखाली दिसतं, मग जीन टेस्ट कशाला?’

या सगळ्या संशोधनाची सुरुवातच मायक्रोस्कोपपासून झाली. 1960 मध्ये फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा लहान दिसलं. तुकडा तुटून हरवला असावा, असं तेव्हा वाटलं. 1973 मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवून दिलं की काहीच हरवलेलं नाही, 9 आणि 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केले आहेत. त्या सांध्यावर बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुकं एकमेकांना चिकटतात आणि त्यातून तयार होणारं प्रथिन पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम अखंड देत राहतं, हे पुढच्या काळात कळलं. इमॅटिनिब नेमकं ते प्रथिन अडवतं. ब्रायन ड्रुकर यांच्या पुढाकाराने 1998 मध्ये रुग्णांवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या आणि 2001 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. सुरुवातीपासून इमॅटिनिब मिळालेल्या रुग्णांच्या मोठ्या चाचणीत दहा वर्षांनी 83 टक्के लोक हयात होते. त्याआधी याच आजारात बहुतेकांचं दुखणं काही वर्षांत ब्लास्ट क्रायसिसमध्ये, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या शेवटच्या टप्प्यात जायचं, आणि तिथून पुढे हिशेब महिन्यांचा असायचा.

मायक्रोस्कोप सांगतो की पांढऱ्या पेशी फार वाढल्या आहेत. कुठल्या औषधाला त्या दाद देतील, हे जनुक सांगतं. एएमएल या तीव्र प्रकारात तर दोन रुग्णांच्या पेशी काचेवर सारख्याच दिसतात. एकात एनपीएम1 या जनुकाचा बदल असतो, दुसऱ्यात टीपी53 या जनुकाचा, आणि दोघांचं भवितव्य पूर्ण वेगळं असतं. कुणाला केमोथेरपी पुरेल आणि कुणाला बोन मॅरो ट्रान्सप्लांटकडे लवकर न्यायला हवं, हा निर्णय त्या रिपोर्टवर होतो.

एक गोष्ट मान्य करते. एपीएल नावाच्या प्रकारात अनुभवी डॉक्टर काचेवर पेशी पाहून त्याच दिवशी एट्रा हे औषध सुरू करतात, जनुकाच्या रिपोर्टची वाट पाहत नाहीत. त्या आजारात रक्तस्राव इतक्या झपाट्याने होतो की वाट पाहणं परवडत नाही. पण रिपोर्ट त्यांनाही लागतो, कारण निदान चुकलेलं असेल तर पुढचे सगळे उपचार बदलतात.

‘धडधाकट माणसांतही तो जीन सापडतो’

सापडतो. 1995 मध्येच हे प्रसिद्ध झालं आहे, कुणी लपवलेलं नाही. अतिशय संवेदनशील चाचणी लावली तर काही निरोगी प्रौढांच्या रक्तातही बीसीआर-एबीएलचा माग लागतो. पण तो कोट्यवधी पेशींतल्या एखाददुसऱ्या पेशीत. सीएमएलच्या रुग्णात निदानाच्या वेळी रक्त तयार करणाऱ्या बहुतेक पेशी त्याच वाणाच्या झालेल्या असतात. शिवाय निदान एकट्या जनुकावरून कुणी करत नाही. रक्तातल्या पेशींची संख्या, प्लीहेचा आकार, बोन मॅरो हे सगळं एकत्र पाहिलं जातं. ‘आहे की नाही’ एवढंच विचारून चालत नाही, ‘किती आहे’ हे मोजावं लागतं. म्हणून तर ही चाचणी आकडा देते.

‘रिपोर्ट शून्य म्हणजे कॅन्सर संपला’

आता मुख्य मुद्दा. आमच्या रिपोर्टवर ‘शून्य’ असं लिहिलेलं नसतं. ‘नॉट डिटेक्टेड’ असं असतं, म्हणजे या नमुन्यात, या चाचणीला, सापडलं नाही.

चाचणी कशी होते ते सांगते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधून आम्ही आरएनए, म्हणजे चालू जनुकांच्या नकला, काढतो. त्यात बीसीआर-एबीएलच्या प्रती किती आणि एबीएल1 या नेहमीच्या जनुकाच्या प्रती किती, हे पीसीआर या प्रती मोजायच्या तंत्राने मोजतो. दोन्हींचं गुणोत्तर आंतरराष्ट्रीय मापावर टक्क्यांत बसवतो. निदानाच्या वेळची प्रमाणित पातळी 100 टक्के धरली, तर 0.1 टक्क्यावर आलेल्या रुग्णाला मेजर मॉलेक्युलर रिस्पॉन्स, म्हणजे जनुकाच्या पातळीवर मोठा प्रतिसाद, मिळाला असं म्हणतात. 0.01 टक्का म्हणजे त्याहून खोल प्रतिसाद, एमआर4. 0.0032 टक्का म्हणजे एमआर4.5.

यात एबीएल1 चा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि मेसेज लिहिणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नाही. नमुन्यातून एबीएल1 च्या किमान 10,000 प्रती मिळाल्या तरच ‘नॉट डिटेक्टेड’ला एमआर4 म्हणता येतं. एमआर4.5 म्हणायचं तर किमान 32,000 प्रती हव्यात. आरएनए फार नाजूक असतो. रक्त घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचायला उशीर झाला, नमुना उन्हात राहिला, रक्त कमी घेतलं गेलं, तर तो तुटतो आणि प्रती कमी मिळतात. अशा खराब नमुन्यात बीसीआर-एबीएल सापडलं नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. नमुन्यातच दम नव्हता. चांगली प्रयोगशाळा असा नमुना नाकारते आणि पुन्हा रक्त मागते. तेव्हा लोक वैतागतात. वैतागा, पण पुन्हा द्या.

समजा नमुना उत्तम होता आणि खरोखर एमआर4.5 आहे. तरी किती पेशी उरल्या? निदानाच्या वेळी शरीरात या रोगाच्या साधारण एक लाख कोटी पेशी असतात, असा ढोबळ अंदाज मानला जातो. त्या 32,000 पटींनी घटल्या, तरी तीन कोटींच्या आसपास उरतात. त्यांतल्या काही मूळ पेशी (स्टेम सेल) असतात, ज्या निपचित पडून राहतात. इमॅटिनिब त्यांना वाढू देत नाही, पण सहसा मारतही नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नेहमीच्या चाचणीत काहीही न सापडणाऱ्या रुग्णांचा डीएनए आणखी बारकाईने तपासला. ज्यांचा आजार गोळी थांबवूनही परतला नव्हता, अशांतही त्या पेशींच्या खुणा मिळाल्या.

आणि इथे मला, मनाविरुद्ध का होईना, मेसेजमधलं अर्धसत्य मान्य करावं लागतं. गोळी थांबवून वर्षानुवर्षं ठणठणीत राहिलेले रुग्ण आहेत. हे कंपन्यांनी दडपलेलं गुपित वगैरे अजिबात नाही. संशोधकांनी स्वतः मुद्दाम हा प्रयोग केला आणि निकाल जगापुढे ठेवला. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा-झाव्हिए माहों यांच्या गटाने केलेला ‘स्टिम’ हा अभ्यास 2010 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. माझं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण या अभ्यासात काय झालं ते नीट वाचा.

शंभर रुग्ण निवडले. ज्यांच्या रक्तात किमान दोन वर्षं सलग, अतिशय संवेदनशील चाचणीतही बीसीआर-एबीएल सापडलं नव्हतं, तेच घेतले. त्यांची इमॅटिनिब थांबवली आणि पहिलं वर्षभर दर महिन्याला पीसीआर केली. निकाल प्रसिद्ध करताना 69 जणांना थांबवून किमान वर्ष झालं होतं. त्यांपैकी 42 जणांच्या रक्तात आजार पुन्हा दिसू लागला होता. एका वर्षानंतरही आजार न परतण्याची शक्यता 41 टक्के निघाली.

म्हणजे सगळ्यात चांगल्या, निवडून घेतलेल्या रुग्णांतही निम्म्याहून अधिक जणांचा आजार परतला. 42 पैकी 40 जणांच्या बाबतीत तो पहिल्या सहा महिन्यांतच परतला.

मेसेज म्हणतो, ‘हजारोंनी गोळी सोडली आणि ते मजेत आहेत.’ पुढचं वाक्य तो गाळतो. ज्या 42 जणांचा आजार परतला, त्यांच्यावर पुन्हा सुरू केलेल्या औषधाचा परिणाम झाला. का झाला? कारण दर महिन्याला कुणीतरी रक्त तपासत होतं. आजार फक्त पीसीआरमध्ये दिसत होता, तेव्हाच तो पकडला गेला. त्या टप्प्यावर रुग्णाला काहीही जाणवत नाही. ताप नाही, अशक्तपणा नाही, साधा रक्ताचा रिपोर्टही अगदी नॉर्मल. ‘मी तीन महिन्यांपूर्वी बंद केली, मला काही झालं नाही’ हे कुणी सांगितलं, तर त्यावरून कळतं ते इतकंच की त्याने पीसीआर केलेली नाही. तपासणीशिवाय गोळी सोडणाऱ्याला आजार परतल्याचं कळतं ते पांढऱ्या पेशी हाताबाहेर गेल्यावर. काहींना तेव्हा ब्लास्ट क्रायसिसच समोर दिसतो.

आता गोळी थांबवण्याचे नियम ठरले आहेत. युरोपीय तज्ज्ञगटाच्या 2020 च्या शिफारशींनुसार आजार पहिल्या, क्रॉनिक टप्प्यातच असायला हवा. इमॅटिनिब पाच वर्षांहून अधिक काळ चाललेली हवी. एमआर4 किंवा त्याहून खोल प्रतिसाद किमान दोन वर्षांहून अधिक टिकलेला हवा, तीन वर्षं टिकला तर आणखी बरं. उपचार याआधी निष्फळ ठरलेले नसावेत. आंतरराष्ट्रीय मापावर मोजणारी आणि झटपट रिपोर्ट देणारी प्रयोगशाळा हवी. मग पहिले सहा महिने दर महिन्याला, पुढचे सहा महिने दोन महिन्यांतून एकदा आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी पीसीआर. थांबवल्यावर काहींचे सांधे आणि स्नायू काही आठवडे ते महिने दुखतात, तेही आधी सांगितलेलं असायला हवं. दोन निल रिपोर्टांचा या यादीशी काय संबंध?

‘निदान एक दिवसाआड घ्या’ असाही सल्ला त्याच मेसेजमध्ये आहे. डोस कमी करण्याचे अभ्यास झाले आहेत, पण तेही निवडलेल्या रुग्णांवर आणि पीसीआरच्या देखरेखीखाली. मनाने गोळ्या चुकवल्या की काय होतं, हेही मोजलेलं आहे. लंडनमधल्या एका अभ्यासात, 2010 सालचाच तो, रुग्णांच्या गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवली होती. 90 टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांत मेजर मॉलेक्युलर रिस्पॉन्स मिळण्याची सहा वर्षांतली शक्यता 94.5 टक्के होती, त्याहून कमी घेणाऱ्यांत 28.4 टक्के. महिन्यातून तीन-चार गोळ्या चुकल्या की माणूस दुसऱ्या गटात जातो. एक दिवसाआड म्हणजे तर निम्म्याच गोळ्या.

औषधाचे दुष्परिणाम खरे आहेत. पायात गोळे येतात, डोळ्यांभोवती सूज येते, मळमळतं, थकवा येतो. रोजची गोळी नको वाटणं अगदी स्वाभाविक आहे. ज्या बाईला मूल हवं आहे, तिच्यापुढे तर मोठाच प्रश्न असतो, कारण ही औषधं गर्भाला घातक ठरू शकतात. हे सगळं डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडा. डोस बदलता येतो, औषध बदलता येतं, गर्भधारणेचं नियोजन करता येतं आणि निकषांत बसत असाल तर गोळी थांबवूनही पाहता येते.

‘जीन मुलाबाळांत उतरतो’

नाही. बीसीआर-एबीएल जन्माच्या वेळी नसतं. रक्त तयार करणाऱ्या एका पेशीत ते आयुष्यात पुढे कधीतरी घडतं आणि त्या पेशीच्या वंशापुरतंच राहतं. बीजांडात किंवा शुक्राणूत ते नसतं. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला सीएमएल होतो आणि दुसऱ्यात ते गुणसूत्र सापडत नाही, हे फार जुनं निरीक्षण आहे. मुलांची तपासणी करून निष्कारण धास्ती पदरी पडेल.

ल्युकेमियाच्या काही मोजक्या घराण्यांत आरयूएनएक्स1, सीईबीपीए किंवा डीडीएक्स41 या जनुकांतला बदल पिढ्यान्‌पिढ्या चालतो, हे खरं. तिथे नातेवाइकांची तपासणी करतात, विशेषतः भावंड बोन मॅरो देणार असेल तेव्हा. तो निर्णय रक्तविकारतज्ज्ञ घेतात.

‘सोमल हे खरं औषध, ते दडपलं’

हा दावा वाचून मी हादरले, कारण त्याखाली सोमल कुठे मिळेल अशी विचारणा होती.

सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, आणि ते ल्युकेमियात वापरतात. चीनमधल्या हार्बिन इथे झांग तिंगदोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात ते वापरायला सुरुवात केली. शांघायमध्ये वांग झेन्यी यांच्या गटाने एट्रा वापरून दाखवलं आणि 1988 मध्ये 24 रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. ही दोन्ही औषधं एकत्र देऊन केलेली इटली-जर्मनीतली चाचणी 2013 मध्ये आली. त्यात कमी आणि मध्यम जोखमीच्या रुग्णांपैकी 97 टक्के दोन वर्षांनी आजार न उलटता जगत होते, आणि तेही नेहमीच्या केमोथेरपीशिवाय. केमोथेरपीच्या गटात हे प्रमाण 86 टक्के होतं. दडपलेलं औषध जगातल्या सर्वात नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून येत नाही.

पण हे सगळं एकट्या एपीएलमध्ये. त्या आजारात 15 आणि 17 क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून पीएमएल-आरएआरए हे जोडप्रथिन बनतं. आर्सेनिक त्याच्या पीएमएल या अर्ध्या भागाला धरतं, एट्रा आरएआरए या दुसऱ्या अर्ध्याला, आणि ते प्रथिन नष्ट होतं. ज्या ल्युकेमियात ते प्रथिनच नाही, तिथे आर्सेनिक कशाला धरणार? ज्या जीन टेस्टला मेसेज धंदा म्हणतो, तिच्याशिवाय आर्सेनिक कुणाला द्यायचं हेच कळत नाही.

आणि ते सहसा शिरेतून, मोजून, रुग्णालयात देतात. ईसीजी वारंवार काढतात, कारण हृदयाचा ठोका जीवघेणा बिघडू शकतो. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमवर लक्ष ठेवतात. श्वास लागला, वजन एकदम वाढलं, तर डिफरन्सिएशन सिंड्रोम (या उपचारात उद्भवणारी धोक्याची प्रतिक्रिया) समजून लगेच स्टिरॉइड देतात. घरी चिमटीने घेतलेला सोमल हे विष आहे. आर्सेनिक दीर्घकाळ शरीरात गेलं तर त्वचेचा, फुप्फुसाचा आणि मूत्राशयाचा कॅन्सर होतो, हे निर्विवाद सिद्ध झालेलं आहे. हा दावा पुढे पाठवलेल्यांनी कृपा करून तो काढून टाका आणि ज्यांना पाठवला त्यांना कळवा.

‘एका थेंबात सगळे कॅन्सर’

यावर फार वेळ घालवत नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की सत्तरी ओलांडलेल्या दहा टक्क्यांहून अधिक लोकांच्या रक्तपेशींत ल्युकेमियाशी नातं असलेले जनुकबदल असतात. त्यांपैकी रक्ताचा कॅन्सर होतो तो वर्षाला शंभरात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी. अशा चाचण्या धडधाकट माणसांवर सरसकट केल्या, तर बाकीच्या नव्व्याण्णवांना काय सांगायचं, याचं चांगलं उत्तर अजून कुणाकडे नाही. संशोधन चालू आहे, चालू राहायला हवं. पण त्याच्या भरवशावर आज हातात असलेली तपासणी आणि औषध सोडणं धोक्याचं आहे.

मावशीला मी तेवढंच सांगितलं जे वर लिहिलं आहे. दोन्ही रिपोर्टांवरचा एबीएल1 चा आकडा आम्ही फोनवर एकत्र वाचला. एकावर 41,000 होता, दुसऱ्यावर जेमतेम 9,000. दुसरा रिपोर्ट एमआर4 म्हणण्याच्याही लायकीचा नव्हता. पुढच्या भेटीत ती डॉक्टरांना विचारणार आहे की खोल प्रतिसाद नक्की कधीपासून धरायचा.

हा मेसेज वाचून ज्यांनी गोळी आधीच बंद केली आहे, त्यांच्यासाठी. घाबरू नका, लपवूही नका. या आठवड्यात डॉक्टरांना फोन करून गोळी कुठल्या तारखेपासून बंद आहे ते सांगा आणि आंतरराष्ट्रीय मापावरची बीसीआर-एबीएल पीसीआर करून घ्या. रक्त सकाळी द्या, म्हणजे नमुना त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचेल. उरलेल्या गोळ्या फेकू नका. ओरडा बसेल म्हणून जायचं टाळू नका. बसला तर बसू दे, रिपोर्ट हातात येऊ दे.